टीव्हीवरचं रेकॉर्डिंग डीव्हीडीवर घ्यायचंय? बर्न करण्याआधीचं काम महत्त्वाचं

गावच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम सह्याद्री वाहिनीवर लागतो. नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत ‘आमची माती आमची माणसं’मध्ये येते. घरचे लोक सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करून ठेवतात. पाहुण्यारावळ्यांना दोन-चार वेळा दाखवून होते. मग कोणीतरी म्हणते, याची सीडी करून ठेवा, जन्मभर राहील. तालुक्याहून कोरी डीव्हीडी आणली जाते, कॉम्प्युटर असलेल्या कुणाकडून तरी फाइल त्यात टाकून घेतली जाते आणि घरी येऊन प्लेयरमध्ये घातली की पडद्यावर येते, ‘नो डिस्क’. तोपर्यंत पेन ड्राइव्ह घरातल्या पोराने गाणी भरायला मोकळा केलेला असतो. डीव्हीडी चालत नाही आणि मूळही गेले.

यात डीव्हीडी खराब निघाली असे लोक समजतात. दुकानदाराला शिव्याही बसतात. पण बहुतेक वेळा डिस्क चांगलीच असते. टीव्हीवरून उतरवलेली फाइल आणि डीव्हीडी प्लेयरला समजणारी डिस्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या मधले काम कोणी केलेलेच नसते. डिस्क बर्न करायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. खरे काम त्याच्या आधीचे आहे.

मोबाईल असताना डीव्हीडी कशाला, असे तरुण पोरे विचारतील. कारण साधे आहे. मोबाईल बदलतो, फुटतो, भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि चेहरे धूसर दिसायला लागतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना स्क्रीनवर बोट फिरवण्यापेक्षा प्लेयरचे एक बटण दाबणे सोपे वाटते. शिवाय डिस्कवर एकदा लिहिले की ते चुकून डिलीट होत नाही, त्यावर दुसरे काही भरता येत नाही. ज्या माणसाचे टीव्हीवरचे हेच एक बोलणे शिल्लक आहे, त्याच्या घरी याची किंमत कळते.

फॉरमॅट विचारलं तर ‘नाही’ म्हणा

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच पायरीवर होते. काही सेट टॉप बॉक्स पेन ड्राइव्ह आपल्या पद्धतीने तयार करून घेतात. ती पद्धत विंडोजच्या कॉम्प्युटरला ओळखता येत नाही. मग पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या खिडकी उघडते: ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?’ घाईत होकार दिला की रेकॉर्डिंग पुसले जाते. अशा वेळी रद्द करावे, पेन ड्राइव्ह काढून घ्यावा आणि लिनक्स असलेल्या कॉम्प्युटरवर तो उघडून पाहावा. लिनक्सला ती पद्धत बहुधा वाचता येते. फाइल तिथून दुसऱ्या ठिकाणी कॉपी करून घेता येते.

दुसरी अडचण महिन्याला पैसे भरून घेतलेल्या डीटीएचची. त्यांच्या रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा कुलूप असते. फाइल त्याच बॉक्सवर चालते, दुसरीकडे नुसता काळा पडदा दिसतो. ते कुलूप मोडण्याच्या नादी लागू नये. डीडी फ्री डिशसारख्या फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांना आणि यूएसबी असलेल्या साध्या फ्री टू एअर बॉक्सला सहसा ही अडचण नसते. आपल्या बॉक्सवर काय होते ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच पाहावे. कुठलीही वाहिनी पाच मिनिटे रेकॉर्ड करावी आणि पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला किंवा ओटीजी केबलने मोबाईलला लावून ती फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये चालते का ते बघावे. नाही चाललीच तर अजून एक दिवस हातात असतो. शेजाऱ्याचा बॉक्स आणता येतो.

फाइल हाती आली की आधी तिची प्रत करावी, दुसरे काही नंतर. एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर. पुढची सगळी काटछाट प्रतीवर करायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही. कार्यक्रम मोठा असेल तर फाइलचे दोन-तीन तुकडे दिसतील. ती बिघाडाची खूण नाही. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, म्हणून बॉक्स तुकडे पाडतो. सगळे तुकडे घ्यायचे आणि क्रम लिहून ठेवायचा. रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये मोठ्या फाइलसोबत बारक्या दोन-चार फाइलही असतात. त्या कचरा समजून टाकू नयेत, काही बॉक्स त्यांत तुकड्यांचा हिशोब ठेवतात.

फाइलच्या पोटात काय आहे

बॉक्सने केलेली फाइल बहुधा टीएस नाहीतर एमटीएस अशा शेपटीची असते. टीएस म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. उपग्रहावरून चित्र आणि आवाज १८८ बाइटच्या बारक्या पाकिटांत भरून पाठवतात. वाटेत चार पाकिटे गळाली तरी पुढचे चालू राहावे म्हणून ही व्यवस्था. डीव्हीडीला वाटेत गळण्याची भीती नसते, म्हणून तिथे २०४८ बाइटचे मोठे गठ्ठे नीट रचून ठेवतात. भाजीची सुटी क्रेट टेम्पोत भरणे आणि तीच गोदामात थप्पी लावून ठेवणे, एवढाच फरक धरा. आतला माल बऱ्याचदा तोच असतो. फक्त रचना बदलायची असते.

‘बऱ्याचदा’ असे म्हणायचे कारण, माल तोच आहे का हे आधी पाहावे लागते. व्हीएलसीमध्ये फाइल चालू करून टूल्स मेनूतली कोडेक माहिती उघडली की चित्राची आणि आवाजाची जात दिसते. मोबाईलच्या व्हीएलसीतही फाइलची माहिती पाहता येते. तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: चित्र एमपीईजी-२ आहे की एच-२६४, चित्राचा आकार किती ठिपक्यांचा आहे, आणि आवाज कोणत्या जातीचा आहे.

डीव्हीडी व्हिडिओचे नियम ठरलेले आहेत आणि प्लेयर त्यांच्या बाहेर जात नाही. चित्र एमपीईजी-२ लागते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत आकार ७२० बाय ५७६, ७०४ बाय ५७६ किंवा ३५२ बाय ५७६ चालतो आणि सेकंदाला २५ चित्रे असतात. ३५२ बाय २८८ हाही चालतो, पण तो फार लहान. आवाज ४८ किलोहर्ट्झचा हवा आणि एमपी-२, एसी-३ नाहीतर पीसीएम या जातीचा. मोबाईलमध्ये असतो तो एएसी आवाज डीव्हीडीला चालत नाही.

आता तुमची फाइल एमपीईजी-२, ७२० बाय ५७६ आणि एमपी-२ आवाज अशी निघाली तर नशीब चांगले. ती पुन्हा बनवायची गरजच नाही. रचना बदलली की झाले, आणि वाहिनीवरून आलेले चित्र जसेच्या तसे डिस्कवर उतरते. पण सॉफ्टवेअरला सांगितले नाही तर ते काही न विचारता सगळी फाइल नव्याने एन्कोड करते. वेळ जातो आणि चित्राचा कसही जातो. एकदा गूळ केल्यावर परत रस होत नाही. डीव्हीडी स्टायलर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नियमात बसणारी फाइल न बदलता घेण्याची सोय आहे. ती निवडावी.

काही वाहिन्या जागा वाचवायला ५४४ बाय ५७६ किंवा ४८० बाय ५७६ आकारात दिसतात. टीव्हीवर आपल्याला ते कळत नाही, बॉक्स चित्र ताणून दाखवतो. पण हे आकार डीव्हीडीच्या नियमात नाहीत. एखादा प्लेयर ते चालवून घेतो, दुसरा अर्धेच चित्र दाखवतो, तिसरा थांबूनच जातो. तिथे ७२० बाय ५७६ वर नव्याने एन्कोड केलेलेच बरे. एच-२६४ म्हणजे लोक ज्याला एमपीईजी-४ म्हणतात ते, आणि एचडी वाहिनीवरचे रेकॉर्डिंग, या दोघांनाही एन्कोडिंगशिवाय पर्याय नाही.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो

फ्री डिशच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून केयू बँडमध्ये येतात. या लहरींना जोराचा पाऊस अडवतो. पावसाळ्यात वीज कडाडताना टीव्हीवर चौकोन पडतात, चित्र थांबते, हे सगळ्यांना माहीत आहे. पाहताना आपण ते विसरून जातो. पण रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी खड्डा पडलेला असतो. कुठे चित्राची पाकिटे गळालेली असतात, कुठे आवाजाची.

मूळ फाइल व्हीएलसीवर चालवली तर खड्डा जाणवत नाही, कारण पाकिटांबरोबर वेळेचा शिक्का येतो आणि प्लेयर त्यावरून चित्र आणि आवाज परत जुळवून घेतो. डीव्हीडीसाठी चित्र आणि आवाज वेगळे काढले की तो शिक्का सुटतो. मग आवाजातला अर्ध्या सेकंदाचा खड्डा भरला न जाता पुढचा सगळा आवाज अर्धा सेकंद पुढे सरकतो. पुढच्या विजेला अजून थोडा. तासाभराच्या कार्यक्रमाच्या शेवटी बुवांचा हात टाळीवर पडतो तेव्हा टाळ कधीच वाजून गेलेला असतो. सुरुवातीची पाच मिनिटे पाहून ‘मस्त झालीय’ म्हणणाऱ्याला हे कळतच नाही.

एमपीईजी-२ फाइलसाठी यावर चांगले औषध आहे. प्रोजेक्ट एक्स नावाचे जुने फुकट सॉफ्टवेअर खास टीव्हीच्या डिजिटल रेकॉर्डिंगसाठीच केलेले आहे. ते सगळी फाइल तपासते, खराब पाकिटे काढते, आवाजात जिथे खड्डा आहे तिथे शांतता भरते आणि चित्राशी लांबी जुळवून देते. कॉम्प्युटरवर जावा असावे लागते. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण काम चोख करते. एच-२६४ ला मात्र ते चालत नाही.

एन्कोडिंग करावेच लागणार असेल तर तयार झालेली फाइल तीन ठिकाणी पाहावी: सुरुवात, मध्य आणि अगदी शेवट. बोलणाऱ्याचे ओठ नाहीतर तबल्यावरचा हात बघायचा. चूक कुठून सुरू झाली ते सापडले तर तिथे फाइल कापून दोन तुकडे वेगळे तयार करता येतात. सगळा आवाज सरसकट मागेपुढे ओढून उपयोग होत नाही. एकीकडे जुळते आणि दुसरीकडे सुटते.

जाहिराती आधी काढा

तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती आणि मागचे-पुढचे बातमीपत्र काढले तर बरीच जागा वाचते. पण जागा हे एकच कारण नाही. कार्यक्रम जुन्या चौकोनी आकारात असतो आणि मधली जाहिरात रुंद आकारात येते, असे खूपदा होते. फाइलमध्ये मध्येच चित्राचा आकार बदलला की डीव्हीडीचे सॉफ्टवेअर गोंधळते. कधी ते पहिल्या मिनिटात दिसलेला आकारच सगळीकडे लावते. रेकॉर्डिंग जाहिरातीपासून सुरू झाले असेल तर पूर्ण कार्यक्रमात माणसे फुगलेली दिसतात. म्हणून एन्कोडिंगच्या आधी कापायचे, नंतर नाही.

कापायला एव्हीडेमक्स हे सोपे आणि फुकट आहे. त्यात चित्र आणि आवाज दोन्हीला ‘कॉपी’ ठेवायचे, म्हणजे कापताना कस जात नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या. एमपीईजीमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असते आणि मधली चित्रे ‘आधीच्यापेक्षा काय बदलले’ एवढेच सांगतात. काप घ्यायचा तो पूर्ण चित्रावर. एव्हीडेमक्समध्ये वर-खाली बाणांनी थेट पूर्ण चित्रावर उडी मारता येते. मधेच कापले तर जोडावर क्षणभर चौकोन पडतात. अर्धा सेकंद जाहिरात राहिली तरी चालेल, कार्यक्रमातला शब्द कापू नये.

रेघा दिसतात म्हणून घाबरू नका

कॉम्प्युटरवर पाहताना हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. बरेच जण हा दोष समजून ‘डीइंटरलेस’ची खूण करतात. टीव्हीचे साधे प्रक्षेपण सेकंदाला ५० अर्धी चित्रे पाठवते. आधी एकाआड एक ओळी येतात, मग राहिलेल्या. पेरताना पहिल्या फेरीत एक तास सोडून एक धरावा आणि दुसऱ्या फेरीत मधले भरावेत, तसे. डीव्हीडीलाही हीच पद्धत मान्य आहे आणि टीव्हीला ती जुळवता येते. डिस्क टीव्हीवरच पाहायची असेल तर ते तसेच राहू द्यावे. डीइंटरलेस केले की सेकंदाच्या ५० हालचालींच्या २५ होतात आणि लेझीम, कुस्ती, पळणे अशा वेगाच्या गोष्टी अडखळल्यासारख्या दिसतात.

फक्त क्रम बिघडवायचा नाही. आपल्या उपग्रह वाहिन्यांवर सहसा वरची ओळ आधी असते. सॉफ्टवेअरमध्ये ‘टॉप फील्ड फर्स्ट’ असा पर्याय दिसेल. लग्नाच्या शूटिंगच्या जुन्या डीव्ही कॅमेऱ्याचा क्रम उलटा, खालची ओळ आधी असा असतो. स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरवर तीच सवय लागलेली असली तर टीव्हीचे रेकॉर्डिंग थरथरत निघते. माणूस चालताना एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे टाकल्यासारखा दिसला, तर समजावे की क्रम उलटा झाला.

आकाराचेही असेच. त्याच ७२० बाय ५७६ ठिपक्यांत जुने चौकोनी चित्रही बसते आणि नवे रुंदही. कसे दाखवायचे ते फाइलमधली एक खूण सांगते: ४ ला ३ किंवा १६ ला ९. ही खूण मूळ फाइलसारखीच ठेवावी. पडदा भरावा म्हणून जुना कार्यक्रम ताणून रुंद केला की आजोबांचा चेहरा आजोबांचा राहत नाही.

एका डिस्कवर किती बसेल

डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असते, कॉम्प्युटर मात्र सुमारे ४.३८ जीबी दाखवतो. फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, कॉम्प्युटर १०२४ ने. थोडी जागा मोकळी ठेवून कंपनीच्या मापाने ४.५ जीबी धरली तर ती ३६,००० मेगाबिट होते. त्याला कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागायचे. दोन तासांचे ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट मिळतात. आवाजाला ०.२ सोडले तर चित्राला ४.८. हे चांगले आहे. तीन तास कोंबले तर चित्राला ३.१ उरतात. भाषण-मुलाखतीला ते चालतील, पण कुस्तीच्या आखाड्याला कमी पडतील. चार तास एका डिस्कवर घ्यायचेच असतील तर आकार ३५२ बाय ५७६ करावा. चित्र थोडे मऊ दिसते, पण चौकोन पडत नाहीत. त्यापेक्षा दोन डिस्क केलेल्या बऱ्या.

तासाभराच्याच कार्यक्रमाला हिशोबाने १० मेगाबिट येतात, पण तेवढे द्यायचे नाहीत. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे आणि तिच्या काठावर जुने प्लेयर अडकतात. ७-८ पुरे. आणि मूळ रेकॉर्डिंगच ३ मेगाबिटचे असेल तर ८ देऊन काही वाढत नाही. चिपाड पुन्हा चरकात घातले म्हणून रस वाढत नसतो.

सॉफ्टवेअर सुरू केल्यावर पहिल्यांदा पाल निवडलेले आहे का ते पाहावे. यातली बरीच सॉफ्टवेअर एनटीएससी ही अमेरिकेची पद्धत धरून बसलेली असतात. त्यात सेकंदाला २५ ऐवजी जवळपास ३० चित्रे लागतात. मग मधली चित्रे वाढवताना हालचाल अडखळते. लोक हँडब्रेक नावाचे सॉफ्टवेअरही वापरून पाहतात. ते चांगले आहे, पण ते एमपी-४ आणि एमकेव्ही फाइल बनवते. डीव्हीडी बनवत नाही.

डिस्क तयार झाली की तिच्यात ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात १ जीबीच्या आतले व्हीओबी नावाचे तुकडे. हे फोल्डर असेल तर ती व्हिडिओ डीव्हीडी. डिस्क उघडल्यावर नुसती एमपी-४ किंवा टीएस फाइल दिसली तर ती डेटा डीव्हीडी, कॉम्प्युटरवर चालणारी. सुरुवातीला सांगितलेला ‘नो डिस्क’ इथूनच येतो. म्हाताऱ्या माणसांसाठी करत असाल तर मेनू ठेवूच नका. डिस्क घातली की थेट कार्यक्रम सुरू व्हावा, असे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते.

कॉम्प्युटर नसेल तर दुकानदाराला काय सांगायचं

तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचे शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत अजून डीव्हीडी रायटर असतात. तिथे एकुलता एक पेन ड्राइव्ह ठेवून यायचे नाही. प्रत द्यायची, मूळ घरी. सांगायचे ते एवढे: व्हिडिओ डीव्हीडी करा, डेटा नको. पाल ठेवा. मूळ चित्र नियमात बसत असेल तर पुन्हा एन्कोड करू नका. डीइंटरलेस करू नका, आकार ताणू नका, वर स्टुडिओचे नाव आणि फुलांची चौकट टाकू नका. शेवटचे हसण्यावारी नेऊ नये. चौकट टाकली की सगळे चित्र लहान होऊन नव्याने एन्कोड होते.

कोरी डिस्क डीव्हीडी-आर घ्यावी. जुने प्लेयर तिला सहसा नीट वाचतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू बऱ्याच जुन्या प्लेयरना दिसतच नाही. लिहिण्याचा वेग ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवावा, शेवटी फायनलाइझ आणि व्हेरिफाय दोन्ही करून घ्यावे. फायनलाइझ राहिले तर ती डिस्क लिहिणाऱ्या कॉम्प्युटरवर चालते आणि घरी चालत नाही. बर्न करताना लाइट गेली तर डिस्क वाया जाते, त्यामुळे इन्व्हर्टर नसलेल्या दुकानात भारनियमनाची वेळ टाळून जावे. दोन डिस्क काढाव्यात, एक रोजच्या पाहण्यासाठी, एक कपाटात. नाव मऊ टोकाच्या सीडी मार्करने लिहावे. कागदी स्टिकर चिकटवू नये, त्याने फिरताना तोल जातो. आणि डिस्क उन्हात, पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये. लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उष्णतेने आणि उजेडाने उतरतो.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये, प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग करणाऱ्याने ते स्वतःच्या खासगी वापरासाठी केले तर प्रक्षेपण हक्काचा भंग होत नाही, अशी तरतूद आहे. आपल्या माणसाची मुलाखत घरात जपण्यासाठी त्यामुळे घाबरायचे कारण नाही. त्याच डिस्कच्या शंभर प्रती काढून जत्रेत विकल्या तर मात्र ते त्यात बसत नाही. मालिका आणि सिनेमांच्या बाबतीत हे जास्तच लक्षात ठेवावे.

घरी आल्यावर डिस्क आपल्याच प्लेयरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवावी, पुढे न पळवता. डिस्कवर लिहिणे आतून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते, त्यामुळे बिघाड बऱ्याचदा शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच सापडतो. दुसरी डिस्क शेजारच्या वेगळ्या कंपनीच्या प्लेयरवर पाहावी. दोन्हीकडे शेवटपर्यंत चालली, मगच पेन ड्राइव्ह परत बॉक्सला लावायचा. हार्ड डिस्कवरची मूळ टीएस फाइल तरीही पुसायची नाही. दहा वर्षांनी डीव्हीडी प्लेयर कुणाकडे उरले नाहीत तर नवी प्रत त्या फाइलवरूनच काढावी लागेल.